तिसऱ्या खाचरातली जेट्टी

धाकट्या भावाचा फोन आला की आधी आई बोलते आणि मग मी, असा आमच्याकडे नियमच आहे, पण जूनमधल्या त्या रविवारी सकाळी त्याने कॉल लागल्या लागल्याच विचारलं, ताई कुठंय, तिला दे आधी. तिकडे शनिवारची रात्र होती. तो अमेरिकेत, जॉर्जियातल्या अटलांटाच्या उत्तरेला राहतो, वीस वर्षं झाली, आणि गेली दोन वर्षं त्याचं नि त्याच्या बायकोचं एकच चाललंय की मुली मोठ्या व्हायच्या आत पाण्याकाठी एक घर घ्यायचं. लेक लॅनिअर नावाचं मोठं जलाशय आहे तिकडे, त्याच्या काठी एक घर मिळतंय म्हणाला, मागे उतार, उताराखाली पाणी, पाण्यावर स्वतःचा लाकडी डॉक, बोट बांधायला जागा. फोटो पाठवले. खरंच सुंदर होते, संध्याकाळचं पाणी आणि त्यात पलीकडच्या झाडांची सावली, आईने तर चष्मा लावून दोन दोनदा बघितले.

आणि जाहिरातीत खाली एक ओळ होती, डीप वॉटर डॉक.

ती ओळ वाचली आणि माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण हेच दोन शब्द मराठीत मी ऐकले होते, दहा-अकरा वर्षांपूर्वी, पुण्याजवळच्या वरसगाव धरणाच्या बॅकवॉटरला उभी असताना. "मॅडम, इथे बारा महिने खोल पाणी." मी भावाला म्हटलं सही करू नकोस, मला आधी एक गोष्ट सांगू दे, आणि मग मी जे बोलले ते पाऊण तास चाललं. ते नीट लिहून काढावं असं तेव्हापासून डोक्यात आहे, कारण आपल्याकडे पुण्यात आता दर दुसऱ्या घरात कुणीतरी पानशेत, पवना, मुळशी, भाटघर यापैकी कुठेतरी लेकव्ह्यू प्लॉट बघतंय, आणि सगळेजण ते ऑक्टोबरमधेच बघायला जातात.

आम्हीही ऑक्टोबरमधेच गेलो होतो. दसरा झाला होता, दिवाळीला वेळ होता, हवा अशी की सिंहगड रस्त्यावरची सगळी दगदग खडकवासल्याच्या पुढे गेलं की अंगावरून उतरते. एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉटची स्कीम होती. डोंगराच्या कुशीत आखलेले चौकोन, पांढऱ्या चुन्याच्या रेघा, आणि सगळ्यात खालच्या रांगेतले प्लॉट थेट पाण्याला लागून. तिथे त्यांनी निळ्या प्लॅस्टिकचे ड्रम एकमेकांना बांधून वर फळ्या ठोकून एक तरंगती जेट्टी केली होती, तिला दोन कयाक आणि एक मोटरबोट बांधलेली. मिस्टर त्या जेट्टीवर जाऊन बसले, पाय पाण्यात सोडले, आणि मला तिथून हात केला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःसाठी असं काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून त्या दिवशी मी हिशोब केला नाही, टोकन देऊन टाकलं.

माझ्या आईचं माहेर त्याच खोऱ्यातलं. मोसे खोरं, बाजी पासलकरांचं. वरसगावच्या जलाशयाला नाव पण त्यांचंच आहे, वीर बाजी पासलकर जलाशय. आईचं गाव त्या पाण्याखाली आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्यांचं गेलंय त्यांना कळेल आणि बाकीच्यांना नावाने फरक पडत नाही. आजोबांना बदल्यात दौंडकडे जमीन मिळाली, मामा अजून तिकडेच असतो. प्लॉटचं ठरल्यावर आईला वाटलं की निदान पाण्याच्या काठावर तरी आपलं काहीतरी होईल परत, आणि तिने मामाला फोन केला. मामा एवढंच म्हणाला, मे महिन्यात जाऊ बगाया. मी म्हटलं अहो मामा, खरेदीखत जानेवारीत आहे. तो म्हणाला, लांबव.

लांबवलं. त्यासाठी एजंटचा बराच राग ओढवून घेतला पण लांबवलं. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई, मामा, मिस्टर आणि मी असे चौघं परत त्या प्लॉटवर जाऊन उभे राहिलो.

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब, खूप खाली, दरीच्या मधोमध एक हिरवट पट्टा. आपल्या प्लॉटच्या चुन्याच्या रेघेपासून तिथपर्यंत नुसती उघडी जमीन, वरती तांबूस, खाली राखाडी, भेगा पडलेली, भेगा इतक्या रुंद की त्यात हात जाईल. मधे मधे शिंपले, वाळलेलं शेवाळ, झाडांचे काळे खुंट. आणि ती जेट्टी. निळे ड्रम एका बाजूला कलंडलेले, फळ्या उन्हाने वाकलेल्या, दोरी अजून तशीच, एक टोक जेट्टीला आणि दुसरं टोक मातीत पुरलेल्या खांबाला. मिस्टरांनी जेट्टीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजली. सहाशेच्या वर भरली.

मामा मात्र जेट्टीकडे बघतच नव्हता. तो उतरत होता, चपला हातात घेऊन, आणि पुटपुटत होता. मला वाटलं त्याला भरून आलंय, आणि आलंही असेल, पण तो मोजत होता. एक. दोन. जवळ गेल्यावर मला दिसलं काय मोजतोय ते. गाळाखाली जमिनीला पायऱ्या होत्या, अगदी पुसट, एखाद्या जुन्या अंगणाच्या पायऱ्या झिजाव्यात तशा. भाताची खाचरं. बांधाचे दगड अजून ओळीत होते.

"ही जेट्टी हाय न्हवं, ही तिसऱ्या खाचरात हाय," मामा म्हणाला. "येक खाचर म्हंजी दीड हात उतार धर. धरान पुरं भरलं तरी हितं चार-साडेचार हात पानी. दिवाळी झाली का हे उघडं पडाया लागतंय."

चार-साडेचार हात म्हणजे सहा-सात फूट. तेही धरण काठोकाठ असताना. एजंटने आम्हाला जे खोल पाणी म्हणून दाखवलं ते एवढं होतं. गढूळ असल्यामुळे तळ दिसत नव्हता, आणि तळ दिसत नाही म्हणजे खोल, असं आपण शहरातली माणसं धरून चालतो. मामा ज्या जमिनीत भाताची लावणी करत मोठा झाला तिथे तो पाण्याखालचं सगळं तोंडपाठ सांगत होता. अमक्या ठिकाणी ओढा होता तिथे तीन पुरुष पाणी असणार, तमक्या ठिकाणी विहीर, तिच्यावर बोट नेऊ नये, आणि पलीकडे डोंगराची सोंड जिथे सरळ खाली गेलीय तिथे कडा आहे, तिथे मेमधेही बोट लागेल. पण त्या सोंडेवर प्लॉट पाडता येत नाहीत, उभं चढण. प्लॉट पडतात ते सपाटीला, आणि सपाटी म्हणजे उथळ. एवढी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती की जमीन पाण्याच्या काठाशी संपत नाही, ती तशीच आत जाते, ज्या उताराने तुम्ही चालत खाली आलात साधारण त्याच उताराने.

आम्ही तो प्लॉट घेतला नाही. टोकन परत मिळालं नाही, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. पण त्यानंतर मला या विषयाचा नादच लागला, आणि तुम्ही पुण्यात राहत असाल तर तुमच्याकडे रोज सकाळी जो पेपर येतो त्यात पावसाळाभर धरणसाठ्याचा जो चौकोन असतो तो मी वेगळ्या नजरेने वाचायला लागले. खडकवासला साखळी, म्हणजे टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, चारही मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी. त्यात वरसगाव सगळ्यात मोठं, पावणेतेराच्या आसपास, पानशेत साडेदहाच्या वर, टेमघर पावणेचारच्या जरा खाली, आणि आपल्या डोळ्यांना एवढं मोठं दिसणारं खडकवासला फक्त दोन टीएमसीच्या आत. वरच्या धरणांतून पाणी सोडून खडकवासला भरत राहतात, कारण शहराचं पाणी आणि कालव्याचं पाणी तिथूनच उचललं जातं. म्हणजे उन्हाळ्यात खाली खडकवासल्यात जे पाणी बऱ्यापैकी टिकलेलं दिसतं ते वरच्या वरसगाव-पानशेतच्या काठावरून गेलेलं असतं. ते गेलं की आमच्या त्या जेट्टीसारख्या जेट्ट्या उघड्या पडतात. ते काही कुणी मुद्दाम केलेलं नसतं, धरण त्याच कामासाठी बांधलंय. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला उन्हाळी आवर्तन हवं असतं, पुण्याला नळ हवा असतो, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री बसतात, आणि पाणी किती सोडायचं ते ठरतं. त्या बैठकीत काठावरच्या बोटीचा विषय निघत नाही आणि निघूही नये. माझा मामा त्याच कालव्याच्या भागात शेती करतो, त्याच्या गावावर साठलेलं पाणी आता त्याच्याच उसाला जातं, त्यामुळे मला तर याबद्दल तक्रार करायला तोंडच नाही.

आणि टक्केवारीचा एक मोठा घोळ आहे, तो समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. पेपरात येतं, वरसगाव ५० टक्के. आपल्याला वाटतं अर्धं आहे की अजून. पण ते टक्के खोलीचे नसतात, साठ्याचे असतात, तेही उपयुक्त साठ्याचे, तळाचा, सोडता न येणारा मृत साठा त्यात धरतच नाहीत. धरणाचा आकार साधारण नरसाळ्यासारखा समजा, वर रुंद आणि खाली निमुळता. तेल भरायच्या नरसाळ्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी ओतलं तर ते पूर्ण भरलेल्याच्या फक्त आठव्या हिश्शाएवढं असतं. उलट बघितलं तर निम्मं पाणी काढून घेतलं तरी उंची जेमतेम वीस टक्क्यांनी उतरते. खरं धरण काही इतकं नीटस नसतं, पण सगळ्यात जास्त पाणी वरच्या रुंद भागात असतं हे खरं. आता समजा भिंतीपाशी ५० मीटर पाणी आहे. त्यातलं वीस टक्के म्हणजे १० मीटर उतरलं. भिंतीपाशी उभं राहिलं तर एवढं काही वाटणार नाही, अथांगच दिसणार. पण काठावर, जिथे दर चाळीस मीटरला एक मीटर असा मंद उतार आहे, तिथे १० मीटर उतरलं म्हणजे पाणी ४०० मीटर लांब गेलं. धरण निम्मं भरलेलं आहे असं पेपर म्हणतोय आणि तुमची बोट चिखलात बसलेली आहे, दोन्ही एकाच दिवशी खरं असू शकतं.

त्याच्या पुढचं वर्ष तर २०१५-१६ चं. पुण्यात दिवसाआड पाणी होतं, आठवतंय ना. मी बादल्या भरून ठेवताना त्या जेट्टीचा विचार करायचे, कुठल्या खाचरात असेल आता पाणी.

आपल्याकडे या उतरलेल्या पाण्याचं सगळं जग आहे आणि त्याला नावंही आहेत. पाणी हटल्यावर जी जमीन उघडी पडते ती गाळपेर, ती हंगामापुरती कसायला देतात, लोक तिथे पीक काढतात आणि जुलैत पाणी चढायच्या आत उचलतात. भाटघरच्या पाण्यातून उन्हाळ्यात कांबरेश्वराचं मंदिर वर येतं, पवनेत वाघेश्वराचं, तिकडे उजनीत पळसदेवला पळसनाथाचं. लोक मुद्दाम दर्शनाला जातात, चालत, जिथे ऑक्टोबरमधे बोट लागते तिथे चालत. मला तर वाटतं पाण्याकाठी जागा घेणाऱ्याने आधी या देवांची यात्रा करावी, म्हणजे पाणी किती हटू शकतं ते पायाला कळेल.

तर हे सगळं मी भावाला सांगितलं, आणि तो शांतपणे ऐकून म्हणाला, ताई पण इकडे तसं नसतं गं, इकडे लेव्हल मेंटेन करतात. मी म्हटलं बघ तरी. तो इंजिनिअर माणूस, एकदा बघायचं म्हटल्यावर रात्रभर बघत बसला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या संध्याकाळी त्याचा परत फोन.

लॅनिअर म्हणजे नैसर्गिक तळं नाहीच. चॅटाहूची नदीवर १९५० च्या दशकात ब्यूफोर्ड धरण बांधलं, त्याच्या फुगवट्याचं पाणी. तिथेही खाली शेतं, रस्ते, लोकांची घरं होती. धरण अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरकडे आहे आणि काठाची पट्टीसुद्धा सरकारचीच, घरमालकाची जमीन पाण्यापर्यंत पोचतच नाही. अगदी आपल्याकडच्या संपादित जमिनीसारखं. डॉक बांधायला परमिट लागतं, आणि घर विकलं की ते परमिट आपोआप नव्या मालकाच्या नावावर होत नाही, त्याने नव्याने अर्ज करायचा. सगळ्या लेकवर मिळून किती डॉक असू द्यायचे त्यालाही मर्यादा आहे. ही गोष्ट त्याला जाहिरातीत कुणी सांगितलेली नव्हती.

पातळीचं म्हणशील तर उन्हाळ्यात समुद्रसपाटीपासून १०७१ फूट आणि हिवाळ्यात १०७०, असं ठरलेलं आहे. फक्त एका फुटाचा फरक, म्हणून तो म्हणत होता मेंटेन करतात. पण हे ठरलेलं झालं, घडलेलं नाही. मोठ्या दुष्काळात २००७ च्या डिसेंबरअखेर तेच पाणी १०५१ च्याही खाली गेलं होतं. वीस फूट! आणि ती एकदाच झालेली गोष्ट नाही, २०१६ च्या दुष्काळातही दहा फुटांच्या आसपास उतरलं होतं. कारण तिथेही तेच आहे, अटलांटाला प्यायचं पाणी तिथून जातं, खाली अलाबामा आणि फ्लोरिडाला नदीत पाणी हवं असतं, तिन्ही राज्यांचं त्यावरून १९९० पासून कोर्टात भांडण, फ्लोरिडा आणि जॉर्जियाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२१ मधे जॉर्जियाच्या बाजूने निकाल लागला. मी ऐकत होते आणि मला दौंड-इंदापूरच ऐकू येत होतं.

मग खरा प्रश्न आला, त्या डॉकखाली पाणी किती. एजंट म्हणाला भरपूर. विकणारा म्हणाला आमची बोट कधी अडली नाही. मी भावाला म्हटलं की कुणाच्या तोंडाचं घेऊ नकोस, स्वतः मोज, आणि मोजलंस त्या दिवशी लेकची पातळी काय होती ते सोबत लिहून ठेव, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही. त्याला जी बोट घ्यायचीय ती पाँटून, म्हणजे दोन-तीन लांब नळ्यांवर तरंगणारा सपाट ओटा, ती तशी उथळ पाण्यात चालते, पण मोटर खाली सोडली की दोन-अडीच फूट पाणी लागतं, आणि पंखा गाळ ओढू नये म्हणून त्याच्याखाली आणखी दोन फूट तरी मोकळे हवेत. म्हणजे वाईटातल्या वाईट दिवशी साडेचार फूट धर. मुली मोठ्या झाल्या की त्यांना ती लाटा काढणारी बोट हवी होणार, ती अजून खोल बसते.

मोजायला काय घेऊ म्हणाला. सोनार, म्हणजे आवाजावरून खोली मोजायचं यंत्र, मागवतो म्हणाला, मित्राकडे मासे शोधायचं यंत्र आहे ते आणतो म्हणाला. आई मागे बसून ऐकत होती. ती म्हणाली, तुला मी पितळी खलबत्ता दिला होता ना लग्नात, त्याचा बत्ता बांध दोरीला.

आणि तसंच केलं त्याने. पुढच्या रविवारी आमचे संध्याकाळचे साडेसहा, त्यांची सकाळ. मामा नेमका पुण्यात आला होता, डोळ्याच्या तपासणीला, आमच्याकडेच उतरला होता. फोन मी टीव्हीला जोडला. टीव्हीवर भाऊ डॉकच्या टोकाला गुडघ्यावर बसलेला, वाकलेला, हातात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, दर फुटाला एक गाठ मारलेली आणि पाच पाच फुटांवर मुलींच्या केसांचं रंगीत रबर. टोकाला बत्ता. धाकटी पोर फोन धरून उभी, त्यामुळे चित्र हलत होतं.

"सोड हळूहळू," मामा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन म्हणाला, जणू तो तिथून दोरी धरणार होता. "हातात जड लागतंय तवर सोड."

गाठी जात होत्या. भाऊ मोठ्याने मोजत होता, मुलगीही त्याच्या मागे मराठीत मोजायला लागली, पाच पर्यंत तिचं बरोबर आलं, मग ती थांबली. सात. आठ. नऊ.

"लागला," भाऊ म्हणाला.

"कसा लागला? टणकन टेकला का दमादमानं?"

भाऊ जरा गोंधळला. त्याने बत्ता हातभर उचलून परत सोडला. मग म्हणाला, मऊ आहे मामा, बसतोय आत.

"मंग गाळ हाय. वर्साला चढतोय तो. ह्यो तुझा डाक खाडीच्या आतल्या टोकाला हाय का? वरून वढा येतोय का तिथं?"

येत होता. घराच्या वरच्या अंगाला एक ओहोळ त्या चिंचोळ्या फाट्यात उतरत होता, पाऊस झाला की डोंगरावरची माती घेऊन. जो फाटा शांत म्हणून, वारा नाही लाटा नाही म्हणून त्याला आवडला होता, तिथेच गाळ साठतो, दरवर्षी थोडा. म्हणजे आजचं नऊ फूट हेही कायमचं नऊ फूट नव्हे.

मी कागदावर मांडलं. लेक जवळजवळ भरलेला असताना नऊ फूट, म्हणजे तळ साधारण १०६२ ला. त्याला साडेचार फूट हवंय, म्हणजे पातळी १०६६ च्या आसपास आली की बोट हलवायला लागणार. २०१६ सारखं वर्ष आलं की डॉक चिखलात. २००७ सारखं आलं तर तळ पाण्याच्या वर अकरा फूट. तिथले डॉक तरंगते असतात, पाणी हटेल तसे पुढे ओढत नेतात म्हणे, पण फाट्याच्या टोकाला पुढे ओढून नेणार कुठे, पुढेही तेवढंच उथळ.

त्याच फाट्याच्या तोंडाशी, मोठ्या पाण्याला लागून, आणखी एक घर विकायला होतं. भावाने मालकाला विचारून तिथेही दोरी सोडली. चोवीसला लागला बत्ता आणि या वेळी मामाने न विचारता भाऊच म्हणाला, टणकन. खडक. म्हणजे २००७ लाही तिथे तीन-चार फूट राहिलं असतं.

पण त्या घरापासून डॉकपर्यंत सत्तर पायऱ्या आहेत. मुलीने फोन वर फिरवून दाखवल्या, लाकडी, उभ्या, दोन ठिकाणी वळण घेऊन. खोल पाणी जिथे असतं तिथे जमीन अशीच असते, मामाच्या त्या डोंगराच्या सोंडेसारखी. आणि भावाच्या मनात जे होतं ते त्याने तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवलं, की पहिलं घर आवडलं त्याचं खरं कारण, तिथे आई पाण्यापर्यंत चालत जाऊ शकली असती. आई पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जायचीय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दोन्ही गेलेले. तिचं गाव पाण्यात गेल्यापासून ती पाण्याला लागून कधी राहिलेली नाही.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला दोन्ही घरं समोर दिसत होती आणि कुठलं घे असं सांगता येत नव्हतं. आकड्यांनी बघितलं तर दुसरं. पण आकड्यात आई कुठे बसवायची. मी त्याला म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांबता येतंय का बघ, पाणी खाली गेल्यावर दोन्हीकडे परत जा, आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल, धरणाच्या आधीपासूनचं किंवा ज्याच्या बापाने ती जमीन कसली असेल असं, तर त्याच्याकडे जाऊन बस. नकाशेही आहेत म्हणाला, धरण व्हायच्या आधीचे. ते तर बघच, पण माणूस शोध.

मामा अजून टीव्हीपाशीच होता. "बत्ता वर घे," तो म्हणाला. "पैल्या घरचा. धुतला न्हाईस न्हवं? बुडाला काय लागलंय ते दाव."

भावाने बत्ता उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पितळेला चिखल चिकटला होता, दाट, आणि मला वाटलं होतं काळा असेल, पण तो लाल होता, विटेसारखा लालभडक. जॉर्जियाची माती तशीच आहे म्हणाला भाऊ, सगळीकडे. मामा वाकून बघत राहिला. आई खुर्चीतून उठायला लागली, मी हात दिला, तीही जवळ गेली आणि तिने टीव्हीच्या काचेवर, त्या चिखलावर, बोट ठेवलं.

"आपल्या वरकसाची अशीच होती," ती मामाला म्हणाली.

"व्हय," मामा म्हणाला. "नाचणीची."

मग आई भावाला म्हणाली की बत्ता चिंचेनं घास आणि कोरडा करून ठेव, नाहीतर डाग राहील, आणि जेवून घे आता, ऊन झालंय तिकडे.